झाडीपट्टीच्या नाट्यमंडळांना खुले पत्र : बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ आमच्या मंडपात येऊ द्या

प्रति,
वडसा-देसाईगंज आणि अवघ्या झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यातल्या) नाट्यमंडळांचे निर्माते, नाटककार, दिग्दर्शक आणि कलावंत

सप्रेम नमस्कार.

धानाची रोवणी आटोपली आहे. तुमच्याकडे नव्या हंगामाच्या संहिता यायला लागल्या असतील. कोणतं नाटक उभं करायचं, पोस्टरवर कोणाचं नाव मोठं टाकायचं, याची बोलणी चालू असतील. दिवाळी झाली, मंडई म्हणजे आमच्या गावोगावच्या जत्रा भरायला लागल्या, की आमच्यासारखी गावोगावची मंडळं तुमच्या दारात तारखा मागायला उभी राहतील. त्याआधी एक मागणं तुमच्या कानावर घालतो. यंदा जमलं तर यंदा, नाही तर पुढच्या हंगामात, कोल्हापूरचे जुने चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ झाडीपट्टीच्या रंगमंचावर आणा.

हा चित्रपट 1925 सालचा. मूकपट. आज तो कुठंही बघायला मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची. ठिणगी पडली की भडकायची, नीट जपली नाही की आपोआप कुजायची. कित्येक पट तर त्यातली चांदी काढायला भंगारात गेले. आपल्या देशात हजाराच्या वर मूकपट बनले, त्यातले मोजकेच शिल्लक राहिले. ‘सावकारी पाश’ गेला तो गेलाच. गोष्ट मात्र राहिली, आणि ती गोष्ट सांगायला फार वेळ लागत नाही. एक शेतकरी आहे. सावकाराचं कर्ज आहे. सावकार खोटे कागद उभे करतो आणि त्याची जमीन गिळतो. जमीन गेली की गावात राहण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तो शेतकरी शहरात जातो आणि गिरणीत मजूर होतो. त्या शेतकऱ्याचं काम कोणी केलं होतं माहीत आहे? पुढं ज्यांना सारा देश ओळखू लागला त्या व्ही. शांतारामांनी. तेव्हा ते तेविशी-चोविशीतले होते आणि बाबूरावांच्या हाताखाली पडेल ते काम करत शिकत होते.

त्या वर्षांत पडद्यावर देव होते, राक्षस होते, राजे होते, लढाया होत्या. कर्जात बुडालेला, फाटक्या धोतरातला कुणबी चित्रपटाचा नायक होऊ शकतो, हे तोवर कोणाच्या मनात आलं नव्हतं. भारतीय चित्रपटात वास्तव पहिल्यांदा याच चित्रपटातून आलं, असं चित्रपटांचा इतिहास लिहिणारे मानतात. मी म्हणतो, ते वास्तव आमच्या भागातून अजून गेलेलं नाही, आणि म्हणून हे पत्र कोल्हापूरला किंवा मुंबईला लिहिण्याऐवजी तुम्हाला लिहितो आहे.

आपल्याकडं मालगुजारी होती, म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत. मालगुजारांनी बांधलेले तलाव अजून आमच्या बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, पाणी देतात, आणि त्याच काळातली दीडीची रीतही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे : आषाढात एक खंडी धान उचललं तर मळणीनंतर दीड खंडी घालायचं. कायद्यानं मालगुजारी 1951 सालीच संपली. कर्ज संपलं नाही, त्यानं कपडे बदलले. आता गरजेच्या वेळी हातात रोकड देणारा माणूस गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. तोंडी बोलणं असं असतं, की पैसे फेडले की जमीन परत फिरवून देतो. कागदावर मात्र जमीन विकलेली असते. शेतकरी दरवर्षी त्याच बांधीत रोवणी करतो, त्याच बांधीचं धान कापतो, आणि त्याला वाटत राहतं की जमीन आपलीच आहे. मग एक दिवस फेरफाराची नोटीस येते, पटवारी सातबारा दाखवतो, आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव असतं. शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रपटात कागद खोटा होता. इथं कागद खरा आणि व्यवहार खोटा. दुसऱ्या प्रकाराविरुद्ध लढणं जास्त कठीण, कारण अंगठा किंवा सही आपलीच असते.

आणि हे एकच रूप नाही. सरकारी आधारभूत खरेदी केंद्रावर धान घातलं की चुकाऱ्यासाठी, म्हणजे धानाच्या पैशासाठी, वाट बघावी लागते. पोरीचं लग्न, दवाखाना, पुढच्या हंगामाचं खत तेवढी वाट बघत नाही, म्हणून गावातला व्यापारी म्हणेल त्या भावानं पोती उचलून नेतो. बायकांचे गट करून कर्ज देणारे आले. एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्या नऊजणी तिच्या दारात जाऊन बसतात, कारण त्यांच्यावर तसा दाब असतो. शेजारणीशेजारणींतलं बोलणं बंद झालेलं मी माझ्या गावात पाहिलं आहे. नाटककारांनो, एवढं नाट्य तुमच्या अंगणात पडलेलं असताना तुम्ही अजून सासू-सुनेची आणि दोन भावांच्या वाटणीची तीच गाठ किती वर्षं सोडवणार आहात? हे मी रागानं म्हणत नाही. तुमची नाटकं बघत मी मोठा झालो, रडलो, रात्ररात्र जागलो, म्हणून हक्कानं म्हणतो.

आता बाबूरावांबद्दल. हा माणूस तुमच्याच जातकुळीचा, म्हणजे पडद्यांच्या आणि रंगांच्या दुनियेतला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जन्म 3 जून 1890, कोल्हापूर. घराणं मेस्त्रींचं, हातानं घडवणाऱ्यांचं. चित्रकला आणि मूर्तिकला तो कुठल्या मोठ्या कलाशाळेत शिकला नाही, स्वतः शिकला. नात्यातला भाऊ आनंदराव आणि तो, दोघं मिळून नाटकांचे पडदे रंगवायचे. साधारण 1910 ते 1916 या काळात संगीत नाटक मंडळ्या काय आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्या काय, पश्चिम भारतात पडदे रंगवावेत तर या भावांनी, असं त्यांचं नाव झालं. राजवाडा, अरण्य, रस्ता, महाल : जे जे तुमच्या मंडपात आजही गुंडाळून टेम्पोतून येतं आणि दोरीवर चढतं, तेच काम.

फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली आला आणि दोघा भावांच्या डोक्यात चित्रपट शिरला. पण कॅमेरा कुठून आणणार? फाळके त्यासाठी विलायतेला जाऊन आले होते. यांच्याजवळ तेवढा पैसा नव्हता. मग त्यांनी ठरवलं, कॅमेरा आपणच करू. त्या खटपटीत असतानाच 1916 साली आनंदराव वारले. बाबूरावांनी हात टेकले नाहीत. विष्णुपंत दामले सोबतीला होते. सुटे भाग कोल्हापुरातच घडवून, जोडून, बिघडलं की पुन्हा खोलून, 1918 च्या सुमाराला त्यांनी चालणारा कॅमेरा उभा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली. पैसा लागला तो तानीबाई कागलकर या गायिकेनं दिला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मराठी चित्रपटाच्या पायाभरणीत एका गाणाऱ्या बाईची कमाई आहे, आणि तिचं नाव आपल्या पोरांना कोणी सांगत नाही.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, 1920 सालचा, पुण्यात आर्यन सिनेमात लागला. त्यातला कीचकवध इतका खराखुरा वाटला, की सरकारनं तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले. आणखी एक गोष्ट या चित्रपटात घडली. बायकांची कामं बायकांनी केली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई, पडद्यावरची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी. त्यांच्या स्वतःच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकलं, म्हणून त्या स्टुडिओच्या आवारातच राहू लागल्या.

हे वाचताना मला तुमच्या कंपन्यांमधल्या मुली आठवतात. झाडीपट्टीत कालपरवापर्यंत लुगडं नेसून पुरुषच नायिका व्हायचे. मग बाया आल्या. आज त्या गडचिरोलीच्या जंगलातून रात्री गाडीनं एका गावाहून दुसऱ्या गावी जातात, पहाटेपर्यंत उभ्या राहतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांना लोक काय काय बोलतात हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक, तुम्हालाही ठाऊक. बाबूरावांच्या गोष्टीत गुलाबबाईंचा प्रवेश घालायचा असेल, तर त्यासाठी लेखकाला फार कल्पना लढवावी लागणार नाही. त्या मुलींना विचारा, संवाद तिथंच मिळतील.

पडदे रंगवणाऱ्या या माणसानं चित्रपटात गेल्यावर पहिली कोणती गोष्ट टाकून दिली असेल? रंगवलेला पडदा. त्यानं खरेखुरे उभे सेट बांधले. कपडेपट, नटांच्या हालचाली, चेहरे, हे सगळं तो आधी कागदावर रेखाटून घ्यायचा. ‘सिंहगड’मध्ये, 1923 साली, त्यानं उन्हाची वाट न बघता कृत्रिम प्रकाशात चित्रण केलं. ‘कल्याण खजिना’ विलायतेत वेम्ब्लीच्या प्रदर्शनात पोचला, तिथं पदक मिळालं. चित्रपटांची पोस्टरंही तो स्वतः रंगवायचा. एवढं यश पदरात असताना, ऐतिहासिक पट धो धो चालत असताना, त्यानं ‘सावकारी पाश’ काढला. कोणी मागितला नव्हता. बाजार त्याच्या उलट दिशेला होता.

आणि तो चालला नाही.

हे तुमच्यापासून लपवत नाही, कारण तुम्ही धंदा करता आणि तिकिटावर तुमची शंभर घरं चालतात. पुराणातले चमत्कार आणि तलवारी बघायला आलेल्या लोकांना कर्जात बुडालेला शेतकरी झेपला नाही, असं सांगतात. बाबूराव पुन्हा भरजरी पोशाखांच्या चित्रपटांकडे वळले. पण मला एक विचारायचं आहे : तेव्हा तो चित्रपट बघितला कोणी? थिएटरं शहरात. बघणारा बहुतेक शहरातला. ज्याची जमीन सावकाराच्या कागदात अडकली होती तो कुणबी, तो कोष्टी, तो गोंड, तो महार कुठल्या थिएटरात बसला होता? त्या गोष्टीला तिचा खरा प्रेक्षक मिळालाच नाही. तो प्रेक्षक तुमच्या मंडपात असतो. चटई घेऊन, पोरंबाळं घेऊन, दूरदूरच्या गावांहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन तो रात्रभर बसतो. खलनायक स्टेजवर आला की आमच्या म्हाताऱ्या बाया त्याला नावं घेऊन शिव्या घालतात. सोयरिका जुळतात तिथं. असा प्रेक्षक 1925 साली बाबूरावांच्या वाट्याला आला असता, तर ते राजेरजवाड्यांकडे परत गेले असते का? मला नाही वाटत.

त्यांना ही गोष्ट सोडवत नव्हती हे मात्र नक्की. बोलपट आल्यावर 1936 साली त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, बोलता. खरं म्हणजे बोलपटांवर त्यांचा फारसा जीव नव्हता. इतक्या कष्टानं घडवलेली दृश्यांची भाषा आवाजामुळं बिघडेल, अशी त्यांना भीती होती. तरी त्याच गोष्टीसाठी ते परत आले. जे. बी. एच. वाडियांसारख्या नामांकित निर्मात्याच्या मनात त्या बोलपटातलं एक दृश्य जन्मभर राहिलं : अंधुक उजेडातली एक उदास झोपडी, लांबून दिसणारी, आणि एका कुत्र्याचं विव्हळणं. संवाद नाही, गाणं नाही.

त्याच 1936 साली त्यांच्या शिष्यांनी काय केलं तेही ऐका. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ही बाबूरावांच्या हाताखालची माणसं 1929 मध्ये बाहेर पडली होती आणि त्यांनी ‘प्रभात’ ही स्वतःची चित्रपट कंपनी काढली होती. महाराष्ट्र फिल्म कंपनी दोनेक वर्षांत बंद पडली. गुरूला ते किती लागलं असेल! 1936 मध्ये दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला, आणि पुढच्या वर्षी तो व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. तुकोबांच्या घरी सावकारी होती आणि आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपल्या कीर्तनकारांनी घरोघर पोचवली आहे. एकाच वर्षी शिष्य कर्जखतं बुडवणाऱ्या संताची गोष्ट सांगत होते आणि गुरू कर्जखतात बुडालेल्या शेतकऱ्याची. हा योगायोग एखाद्या नाटककाराच्या हाती लागावा म्हणूनच मी इथं लिहून ठेवतो.

बाबूराव पुढं चित्रकलेकडे, मूर्तींकडे वळले. मधून मधून चित्रपट केले. ‘लोकशाहीर रामजोशी’ 1947 साली शांतारामांच्या कंपनीसाठी. गुरू-शिष्य पुन्हा एकत्र आले, एवढं समाधान. 16 जानेवारी 1954 ला ते गेले.

आता नाटकाविषयी माझं म्हणणं. दोन रस्ते आहेत. एक, बाबूरावांचंच आयुष्य : भाऊ, पडदे, कॅमेरा, तानीबाई, गुलाबबाई, शिष्यांचं सोडून जाणं. दुसरा, ‘सावकारी पाश’ची गोष्ट उचलून धानपट्ट्यात आणणं. मला दुसरा रस्ता आवडतो, पण सुरुवातीला दहा मिनिटं बाबूरावांना द्या. एक माणूस मोडलेला कॅमेरा दुरुस्त करत बसला आहे, आणि तो म्हणतो, ही गोष्ट लोकांनी घेतली नव्हती, तुम्ही घ्याल का? मग पडदा उघडा आणि आमचं गाव दाखवा.

सावकार रंगवताना एक सांभाळा. मिश्या पिळणारा, हसत सुटणारा खलनायक नको. आमच्याकडचा सावकार गोड बोलतो, बारशाला येतो, पोराच्या शाळेची चौकशी करतो, मंडपाला वर्गणीही देतो. तो तसाच दाखवा. लोक घाबरतील, कारण ओळखतील. खरेदीखताचा प्रवेश नोंदणी कार्यालयातला घ्या आणि त्याला पुरेसा वेळ द्या : बाहेरच्या टपरीवरचा चहा, ओळख पटवायला आणलेले साक्षीदार, ‘इथं सही कर बापू’ म्हणणारा दलाल. विनोदी पात्र लागेल, त्याशिवाय रात्र निघत नाही, हे मला कळतं. लावणीही असू द्या. फक्त सातबारा बघून बायको दारात बसते त्या प्रवेशाच्या मागोमाग नाचगाणं घालू नका. तिथं ऑर्गनसुद्धा थांबवा. बाबूरावांनी कुत्र्याच्या आवाजावर भागवलं होतं, तुमच्या कलावंतांत तेवढी ताकद आहे.

शेवट मात्र गिरणीत नको. नागपूरच्या एम्प्रेस मिलचे भोंगे बंद होऊन जमाना झाला. आमची पोरं आज पुणे, हैदराबाद, सुरतला जातात. त्यांच्या मागं राहिलेल्या बाईला उभी करा. 2014 साली महाराष्ट्रात सावकारी नियमनाचा नवा कायदा झाला. अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळावी म्हणून जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं अर्ज करता येतो, आणि 15 वर्षांच्या आतले व्यवहार तपासले जाऊ शकतात. खरेदीखत झालेलं असलं तरी तो मुळात कर्जाचा व्यवहार होता असं सिद्ध झालं, तर ते रद्द होऊ शकतं. गावात हे फार थोड्यांना माहीत आहे. साहेबांच्या भाषणातून ते पोचत नाही, पत्रकातून पोचत नाही. तुमच्या नायिकेनं तिसऱ्या अंकात तो अर्ज भरला, सोबत कोणते कागद लावले ते मोठ्यानं वाचून दाखवलं, साक्षीला शेजारणीला उभं केलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गावातली किमान एक बाई पेटीतले कागद बाहेर काढेल. ती जिंकते की नाही हे लेखकानं ठरवावं. अर्ज तिनं भरलाच पाहिजे.

मुंबईचा चेहरा आणला तर तिकीट खपतं, असं तुम्ही म्हणाल. या नाटकात नका आणू. 2023 साली नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा ती झाडीपट्टीत हयात घालवलेल्या माणसाला मिळाली, आणि आमच्या गावानं त्या रात्री फटाके फोडले. आम्हाला आमचाच माणूस बघायला चालतो.

पडद्यांबद्दलही विनंती. छापील फ्लेक्सचे पडदे आता स्वस्त पडतात, ठीक आहे. पण या एका नाटकासाठी तरी हातानं रंगवलेले पडदे लावा. आपल्या भागात अजून तसे रंगारी आहेत, काम नाही म्हणून घरांना रंग देतात. ज्यानं पडदे रंगवता रंगवता कॅमेरा केला त्याची गोष्ट आहे ही, फ्लेक्सवर शोभणार नाही. आणि पोस्टरच्या कोपऱ्यात रंगाऱ्याचं नाव टाका.

आमचं मंडळ पहिल्या प्रयोगाला तयार आहे. मंडईच्या दिवसांतली रात्र देऊ, मंडप, वीज, जेवण आमच्याकडं. नेहमीचा जो दर असेल तो देऊ, आणि तिकीट खपलं नाही तर तूट गावानं वर्गणी काढून भरायची, असं बैठकीत बोलणं झालं आहे. संहिता वाचायची असेल तर आमच्या गावात वाचा. ज्यांच्या जमिनी अशा गेल्या ती माणसं ऐकायला बसतील आणि चुकलं तिथं सांगतील. नावं मात्र त्यांची कुठं येऊ देऊ नका.

दसऱ्याच्या आत होकार-नकार कळवावा, म्हणजे तारीख मोकळी ठेवतो.

आपला,
गावच्या नाट्यमंडळाचा एक सभासद,
झाडीपट्टी